ओटिस सरांचा सीझन

"आता तू पुढे ये. तू... तू..."

ओटिस सरांचा हात हवेत तसाच राहिला. समोर अनवाणी पोरंपोरी गोल करून उभी होती. कुणी सुदानचा, कुणी लेबननची, दोघी फिलिपिन्सच्या, तिघे-चौघे इथलेच कतारी. सर ज्याच्याकडे बोट दाखवत होते तो उंच मुलगा अर्धं पाऊल पुढे टाकून थांबला होता.

"हिशाम," मागून हलकेच आवाज आला.

"हिशाम! ये, मधे ये," सर म्हणाले आणि तालीम पुढे सुरू झाली.

मागे लाकडी खोक्यांच्या आडोशाला फ्लॉइड डाबरे नाटकातल्या तलवारींना चंदेरी रंग देत बसला होता. त्यानं मान वर केली नव्हती, की ब्रश थांबवला नव्हता. कुणी ऐकलं असतं तरी तो स्वतःशीच काही पुटपुटला असंच वाटलं असतं. ओटिस सरांनी मात्र जाता जाता त्याच्याकडे एक नजर टाकली. जिन्यावर पाय घसरता घसरता सावरलेला माणूस, कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघतो, तशी.

फ्लॉइडनं पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच पाहिलं होतं असंही नाही.

प्रॉम्प्टिंग त्याच्या अंगातच होतं. वसईला भुईगावात चर्चच्या सणाला पटांगणात नाटक व्हायचं. शाळेतले मास्तर, बँकेतला कॅशियर, केळीच्या वाडीतून थेट आलेले लोक, सगळे तोंडाला रंग लावून उभे राहायचे. फ्लॉइडचं पाठांतर सगळ्यांच्या वर होतं, आवाजही खणखणीत. पण स्टेजवर पाऊल पडलं की त्याच्या पोटऱ्या लटलट कापायच्या. एका वर्षी त्याला शिपायाचं काम दिलं. 'साहेब, तार आलीय' एवढंच वाक्य. तार साहेबांच्या हातात कोंबून तो एक शब्द न बोलता आत पळाला. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून त्याची जागा विंगेत ठरली ती ठरलीच. हातात वही, वहीवर टॉर्च, आणि डोळे नटाच्या मानेवर. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला मानेवरून कळायचं.

मग तो दोह्याला आला. सुरुवातीची बरीच वर्षं इंडस्ट्रियल एरियात एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली. पाइप, व्हॉल्व्ह, सिमेंटच्या गोण्या. बायको मर्सी एका हॉस्पिटलात नर्स लागली, मागोमाग मुलगी फियोना आली, दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. मदिनत खलीफा भागातल्या एका मोठ्या व्हिलात आंतरराष्ट्रीय नाट्यप्रशिक्षण केंद्र निघालंय आणि तिथं स्टोअर सांभाळायला माणूस हवाय, असं कळलं तेव्हा मर्सीच म्हणाली, "जा ना. सिमेंटची धूळ तरी सुटेल." सेंटरमध्ये फ्लॉइडच्या ताब्यात मुखवटे, मुकुट, तलवारी, खुर्च्या आणि सगळ्या दारांच्या किल्ल्या आल्या. नाटकाच्या इतक्या जवळ, आणि तरी स्टेजवर जायची सक्ती नाही. त्याला आणखी काय हवं होतं?

ओटिस ब्रॅनम सर सेंटरमध्ये अभिनय आणि शरीराच्या हालचाली शिकवायचे. साठी ओलांडलेला, दार भरून टाकणारा काळा अमेरिकन माणूस. आवाज असा की तालमीच्या हॉलच्या काचा हलाव्यात. बायको वारली होती, मुलगी क्लॉडेट अटलांटाला. सर इथं एकटेच राहायचे, आणि गाडी चालवणं त्यांनी अलीकडे बंद केलं होतं. फ्लॉइडचा रस्ता त्यांच्या घरावरून जायचा, म्हणून येता-जाता फ्लॉइडच त्यांना गाडीत घ्यायचा. दोघांचं बोलणं इंग्रजीत. फ्लॉइडचं मोडकंतोडकं, सरांचं संथ आणि गोड.

२००५ सालचा सप्टेंबर महिना. गाडीत बसल्या बसल्या सर म्हणाले, "फ्लॉइड, शनिवारी संध्याकाळी ऑफिस उघडून देशील? माझ्या घरचं इंटरनेट रांगतं. मला मॅच ऐकायचीय."

"क्रिकेट, सर?"

सर इतके हसले की गाडी डुलली. "फुटबॉल. आमचा फुटबॉल. माझ्या कॉलेजचा."

त्या शनिवारी फ्लॉइड किल्ल्या घेऊन गेला आणि सोबत म्हणून बसला, तो नंतर दर शनिवारी बसू लागला. सरांचं कॉलेज जॉर्जियातल्या एका लहान गावातलं, हॉलिस कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांनी चालवलेलं रेडिओ स्टेशन संगणकावर लागायचं. तिकडे भर दुपार, इकडे संध्याकाळची, मगरिबची अजान होऊन गेलेली. खरखरत्या आवाजात कुणी पोरगा बेंबीच्या देठापासून ओरडत मॅच सांगायचा आणि मागे बँड वाजत असायचा.

"चेंडू हातात धरून पळतात, मग फुटबॉल कशाला म्हणायचं, सर?"

"चर्चमध्ये विचारतोस का, देव दिसत नाही मग प्रार्थना कशाला म्हणून? गप्प ऐक."

मग सर समजावून सांगायचे. एक जण चेंडू फेकतो, एक जण पळत जाऊन झेलतो आणि शेवटच्या रेषेपार नेतो, म्हणजे टचडाउन, आणि पुढच्या ओळीतले धिप्पाड गडी डोकं खाली घालून समोरच्यांना भिडतात, वाट मोकळी करतात. सर त्या पुढच्या ओळीतले. "माझं काम म्हणजे टक्कर. चेंडूला मी कधी बोटही लावलं नाही."

कॉलेजबद्दलही सांगायचे. "माझ्या आजोबांच्या वेळी गोऱ्यांची कॉलेजं आम्हाला फाटकाबाहेर ठेवायची. म्हणून आमच्या लोकांनी आमची काढली. विटासुद्धा विद्यार्थ्यांनी भाजल्या. शनिवारी मॅच, रविवारी चर्च. दोन्हीकडे तीच माणसं, तेच ठेवणीतले कपडे. आणि बँड! आमच्याकडे लोक बँड बघायला यायचे, मधल्या वेळात मॅच खेळायचो आम्ही."

हे फ्लॉइडला न समजावता समजलं. सणाच्या दिवशी भुईगावात बँडमागून चालणारी कोट-टायमधली म्हातारी माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली.

हॉलिसची टीम म्हणे कित्येक वर्षं नुसती मार खात होती. पण त्या वर्षी काय झालं कोण जाणे, ती जिंकायला लागली. पहिली मॅच जिंकली, दुसरी जिंकली. सर खुर्चीतून उठून टाळ्या पिटायचे. फ्लॉइडला खेळ अर्धामुर्धाच कळायचा, पण सरांचा आनंद पुरता कळायचा. रमजान लागला, तालमी इफ्तारनंतर होऊ लागल्या, तरी शनिवार चुकला नाही.

एकदा मध्यंतरात सरांनी लिऑनची गोष्ट सांगितली. त्यांच्या टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा. पळायला लागला की कुणाच्या हाती लागायचा नाही. दोघं एका खोलीत राहायचे. "कॉलेज संपलं आणि त्याला व्हिएतनामला पाठवला. परत आला तो पेटीतून." फ्लॉइडनं छातीवर क्रूसाची खूण केली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मॅच रंगात आलेली असताना, सर पुढे झुकून म्हणाले, "आज लिऑनला चेंडू का देत नाहीयेत? बसवलाय का त्याला?"

फ्लॉइडच्या हातातला चहाचा कप थांबला. त्याला वाटलं, थट्टा असेल. त्यानं सरांच्या मानेकडे पाहिलं. मान ताठ होती, कान रेडिओकडे. सर उत्तराची वाट बघत होते.

"देतील, सर," फ्लॉइड म्हणाला.

घरी येऊन त्यानं मर्सीला सांगितलं. ती उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून तिनं एकेक विचारलं. नावं विसरतात का? एकच गोष्ट परत परत सांगतात का? रस्ता चुकतात का? फ्लॉइड प्रत्येक वेळी 'हो' म्हणत गेला आणि त्याचा आवाज खाली खाली गेला.

"आणि तू काय करतोस?" मर्सीनं विचारलं.

"मी असतो ना बाजूला. नाव सांगतो. कुठला सीन चाललाय ते सांगतो. कुणाला कळत पण नाय."

"तेच तर. कुणाला कळत नाय." ती खाली बसली. "फ्लॉइड, हे नाटक नाय रे. आमच्या वॉर्डात असे येतात. घरचे झाकत झाकत आणतात, आणि मग एक दिवस तो माणूस गॅस चालू ठेवून झोपतो. डायरेक्टरला सांग. डॉक्टरकडे तरी जाऊ दे त्यांना."

"डिसेंबरात शो आहे, मर्सी. तोवर जाऊ दे. सांगितलं की खलास, दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. इथं कोण ठेवतंय आजारी माणसाला? आणि त्यांच्याकडे आहे काय दुसरं? ती पोरं आणि तो शनिवार."

"तोवर तू काय त्यांच्या डोक्यात बसून प्रॉम्प्टिंग करणार?"

मर्सी बरोबर बोलतेय हे फ्लॉइडला कळत होतं. पण सकाळी सर गाडीत बसायचे, 'गुड मॉर्निंग, माय फ्रेंड' म्हणायचे, आणि सांगायचं तोंडाशी आलेलं परत पोटात जायचं. आजवर एवढ्या मोठ्या माणसाला त्याची गरज कधी पडली नव्हती. खरं सांगायचं तर ते त्याला आवडतही होतं.

ईद झाली, तालमी पुन्हा दिवसा होऊ लागल्या. त्या सकाळी सर पोरांकडून पडायचा व्यायाम करून घेत होते. एकानं उंच ओट्यावर पाठमोरं उभं राहायचं, खाली बाकीच्यांनी हातात हात गुंफून झोळी करायची. झोळी तयार झाली की सर टाळी वाजवणार, आणि वरच्यानं डोळे मिटून मागे झोकून द्यायचं. वर अमीरा होती, सुदानी मुलगी, सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत धीट. सर दोघादोघांना नाव घेऊन जागेवर बोलावत होते. दोन नावं फ्लॉइडनं मागून पुरवली. पुढची पोरं अजून भिंतीशीच उभी होती. सर क्षणभर थांबले. फ्लॉइडला वाटलं, नाव आठवतायत. त्यानं तोंड उघडलं.

सरांनी टाळी वाजवली.

अमीरा पडली. अर्ध्या झोळीतून तिचा खांदा निसटला आणि हात खाली दुमडला. तिची किंकाळी हॉलभर झाली. सगळी पोरं धावली. सर मात्र जागच्या जागी उभे होते, दोन्ही तळवे अजून एकमेकांवर तसेच धरलेले. "सगळे होते ना?" ते म्हणत होते. "सगळे उभे होते ना?"

मनगट मोडलं. डोकं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी सेंटरच्या डायरेक्टर डॉ. नजला यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्या जॉर्डनच्या, शांत, मोजकं बोलणाऱ्या. सर खुर्चीत बसले होते आणि एवढा मोठा माणूस आज त्या खुर्चीत मावत होता.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

डॉ. नजलांनी सुस्कारा सोडला. "इतकी वर्षं तुम्ही शिकवताय. एकदा लक्ष चुकू शकतं. मी अमीराच्या वडिलांशी बोलते. फक्त पुन्हा असं व्हायला नको." त्यांनी समोरची फाइल मिटली. "फ्लॉइड, तू तिथं होतास. तुला काही सांगायचंय?"

मिटलं होतं सगळं. 'नो मॅडम' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. फ्लॉइडच्या पोटऱ्या कापू लागल्या. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"मॅडम, लक्षाचा प्रश्न नाही. सरांना बरं नाही. पुष्कळ दिवसांपासून. नावं आठवत नाहीत, कधी कधी कुठलं वर्ष चाललंय तेही कळत नाही. मला माहीत होतं. मीच मागून सांगत होतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

डॉ. नजलांनी सरांकडे पाहिलं. सर काही नाकारतील म्हणून त्या थांबल्या. सरांनी नाकारलं नाही. ते फ्लॉइडकडे बघत होते.

बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं होतं, तू माझ्या टीममध्ये आहेस."

त्या दिवशी ते टॅक्सीनं घरी गेले.

पुढचं भराभर झालं. हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरनं विचारलं, डोक्याला कधी मार बसला होता का, तेव्हा सर हसून म्हणाले म्हणे, "चार वर्षं, रोज दुपारी." आजाराला नाव मिळालं, आणि तो बराच पुढे गेलाय हेही कळलं. सरांची मुलगी त्यांना न्यायला येणार असं ठरलं. तालमी दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्या. फ्लॉइडची नोकरी राहिली, पण डॉ. नजलांनी त्याच्याकडून ऑफिसच्या किल्ल्या काढून घेतल्या. ओरडल्या नाहीत. "तू आधी सांगायला हवं होतंस," म्हणाल्या, आणि हात पुढे केला. स्टोअरची एकच किल्ली जुडग्यात उरली.

अमीरा प्लास्टर घालून तालमीला येत होती. तिला समोरून येताना पाहिलं की फ्लॉइड स्टोअरमध्ये शिरायचा. एकदा तिनंच त्याला गाठलं. "अंकल, सर कसे आहेत?" तिनं विचारलं. हाताबद्दल काहीच बोलली नाही. त्याला तेच जास्त लागलं.

सर त्याचा फोन उचलत नव्हते.

"बरं केलंस तू सांगितलंस ते," मर्सी म्हणाली.

"काय बरं? त्यांनी माझं तोंड बघायचं सोडलं."

"सोडणारच. सुई टोचली की पेशंट नर्सलाच शिव्या घालतो." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्यांची ती मॅच कधी आहे?"

"या शनिवारी. शेवटची. जिंकले तर चॅम्पियन. पण ऑफिस आता..."

"ऑफिस कशाला पायजे? घरी कॉम्प्युटर आहे ना? मी जाते त्यांना आणायला. राग तुझ्यावर आहे, माझ्यावर नाय."

आणि खरंच गेली. शनिवारी संध्याकाळी दार उघडलं तर मर्सीच्या मागे ओटिस सर उभे. राखाडी सूट, मरून टाय, बूट चकचकीत. मॅचचे कपडे. त्यांनी फ्लॉइडकडे बघून नुसती मान हलवली, पाहुण्यानं यजमानाला हलवावी तशी.

मर्सीनं आंबवलेल्या मैद्याचे वसईचे फुगे तळले होते आणि डुकराचं इथं मिळत नाही म्हणून बकऱ्याचं मटण घालून आंबट-तिखट इंद्याल केलं होतं. सर चवीनं जेवले. फियोना, चौदा वर्षांची, एरवी पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारी, तिनं रेडिओ लावून दिला आणि तिथंच रेंगाळली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. सर तिला खेळ समजावत होते, ती प्रश्न विचारत होती. फ्लॉइडशी सर अजून बोलले नव्हते.

मॅच चुरशीची झाली. हॉलिस पुढे, मग मागे, मग बरोबरीला, पुन्हा थोडी मागे. रेडिओवरच्या पोराचा आवाज पार बसला होता. शेवटचं मिनिट. चेंडू हॉलिसकडे. एकच चांगली फेक लागली की जिंकले. सर खुर्चीच्या कडेवर आले होते, मर्सीनं नकळत गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता.

आणि आवाज बंद झाला.

"पपा, द नेट इज गॉन," फियोना म्हणाली. मोडेमवर लाल दिवा लागला होता. तिनं वायर काढून घातली, संगणक बंद करून चालू केला. काही नाही.

सर फ्लॉइडकडे वळले. सगळी संध्याकाळ टाळलेली नजर आता सरळ त्याच्या तोंडावर आली. "काय झालं? सांग. काय झालं?"

जिभेवर आलं होतं. जिंकले, सर. दोन शब्द. आयुष्यभर तो अडलेल्या माणसाला शब्दच तर पुरवत आला होता. मर्सी त्याच्याकडे बघत होती.

"लाइन गेली, सर," फ्लॉइड म्हणाला. "पुढचं मला माहीत नाही."

सर टायची गाठ सैल करत उठले.

"तुला माहीत नाही," ते म्हणाले. "मला माहीत आहे. ते टेबल बाजूला घे."

बघता बघता त्यांनी बैठकीची खोली मोकळी केली. तालमीच्या हॉलमध्ये घुमायचा तोच आवाज. सोफ्यावरची उशी त्यांनी फियोनाच्या हातात दिली. "तू फेकणार. घाई करायची नाही." मर्सीला स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे उभं केलं. "तुम्ही शत्रू, मॅडम. दया दाखवायची नाही." मर्सीनं ओढणी कमरेला खोचली. मग सर स्वतः मधोमध वाकले, एक हात जमिनीला टेकवला, गुडघे कडकड वाजले. "मी वाट मोकळी करतो. लिऑन, तू उजवीकडून पळ. सरळ दारात. मागे बघू नकोस, चेंडू येईल."

कुणी हललं नाही.

"लिऑन!"

"पपा," फियोना हळूच म्हणाली, "ही मीन्स यू."

तिघं त्याच्याकडे बघत होते. फ्लॉइड भिंत सोडून पुढे आला. पाय थरथरत होते, पण उभे होते.

सरांनी आरोळी ठोकली आणि ते उठले. इतका जड, आजारी माणूस, पण त्या दोन ढांगांत त्यांचं वय दिसलं नाही. मर्सी त्यांच्या खांद्यामागे कुठल्या कुठे झाकली गेली. फ्लॉइड पळाला. टेबलाचा कोपरा नडगीवर सणसणीत बसला, तरी पळाला. फियोनानं उशी फेकली, जरा उंचच गेली. त्यानं उडी मारली, ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजवर आदळला. आतल्या बाटल्या खणखणल्या.

"टचडाउन!" फियोना किंचाळली. मर्सी हसत हसत दाराला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

सर धापा टाकत खाली बसले. मग वर बघून अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "फ्लॉइड, जरा पाणी देशील?"

त्यानं पाणी दिलं, शेजारी जमिनीवरच बसला. सरांनी घोट घोट पाणी संपवलं.

"माझी शेवटची मॅच अशीच होती. लिऑनच्या हातातून चेंडू सुटला. हरलो आम्ही. लढाईवर जायच्या आदल्या दिवशीसुद्धा तो तेच बोलत होता." त्यांनी रिकामा ग्लास खाली ठेवला. "तू डॉ. नजलांना सांगितलंस ते बरोबर केलंस. ती पोरगी मेली असती. पण मला तुझा राग आला होता. अजून आहे."

"असू दे, सर."

"सकाळी कदाचित नसेल. राग पण विसरतो मी आता," सर म्हणाले, आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी नेट आल्यावर फियोनानं निकाल शोधून काढला. हॉलिस हरली होती, थोडक्यात. ती बातमी सांगायला फ्लॉइड सरांच्या घरी गेला. पण क्लॉडेट येऊन पोचली होती, सगळीकडे उघड्या बॅगा होत्या, आणि सरांनी मॅचबद्दल काही विचारलं नाही. फ्लॉइडनंही विषय काढला नाही. त्यानं पुस्तकांची खोकी बांधून दिली.

विमानतळावर तोच त्यांना सोडायला गेला. क्लॉडेट वडिलांसारखीच उंच, थकलेली, नीटनेटकी बाई. "डॅड म्हणतात, तुम्ही फार वेगात पळता," ती म्हणाली. फ्लॉइड ओशाळला. सरांनी त्याला मिठी मारली, पाठीवर दोनदा थोपटलं. कुठल्या नावाच्या माणसाला ते मिठी मारत होते, हे त्यानं विचारलं नाही.

आत जायची रांग लांब होती. फ्लॉइड काचेच्या अलीकडे थांबला. रांगेत सरांच्या पुढे एक कामगार होता, बहुधा बऱ्याच वर्षांनी गावी निघालेला. दोरीनं आवळलेलं खोकं पायाशी, कागद दोन्ही हातांत धरलेले, खांदे वाकलेले, आपण कुणाच्या वाटेत तर नाही ना, अशा बेतानं अंग चोरून उभा. क्लॉडेट पासपोर्ट काढण्यात गुंतली होती. सरांनी त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. मग पुढे होऊन, तालमीत पोरांना सरळ उभं करायचे तशी, दोन बोटं त्याच्या पाठीवर, मानेच्या खाली ठेवली आणि हलकेच दाबली.

तो दचकून वळला. सर काहीतरी म्हणाले. काचेतून ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतःचे खांदे मागे नेले, हनुवटी उचलली आणि त्याला दाखवलं. तो माणूस गोंधळला, मग लाजत हसला आणि सरळ झाला.

क्लॉडेटनं घाईघाईनं त्याची माफी मागितली, वडिलांचा दंड धरला आणि त्यांना दुसऱ्या रांगेकडे नेलं. सर गेले. मागे वळले नाहीत.

तो माणूस मात्र तसाच उभा होता. रांग पुढे सरकली तेव्हा त्यानं वाकून खोकं उचललं, दोन पावलं टाकली, ते खाली ठेवलं आणि पुन्हा ताठ उभा राहिला.